ग्रोथ आली, असं मी ऐकलं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी एका डॉक्टरला मारलं. त्या दिवशी माझी मुलगी नऊ दिवसांची होती. तिचं वजन नऊशे दहा ग्रॅम होतं. मारताना माझा हात दाराच्या काचेतून गेला. सोळाव्या दिवशी ती गेली.

हे मी त्या बापांसाठी लिहितो आहे, जे आत्ता कुठल्यातरी इस्पितळात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसले असतील. वैद्यकशास्त्र मला कळत नाही. मी गिरगावात एका प्रकाशनात प्रुफं तपासतो. दुसऱ्याने लिहिलेलं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. तरीही मी एक शब्द चुकीचा ऐकला आणि एक वाक्य अर्ध्यात तोडलं. त्याबद्दल हे आहे.

*

सुजाता, माझी बायको, काळाचौकीच्या एका शाळेत शिकवते. अठ्ठाविसावा आठवडा चालू होता. फळ्यावर लिहिताना तिला अक्षरं दोन-दोन दिसायला लागली. परळच्या इस्पितळात नेलं तेव्हा प्रेशर इतकं चढलेलं होतं की त्यांनी आम्हाला बसूसुद्धा दिलं नाही. दीड तासात सिझर झालं.

मुलगी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या अंगावर कातडी आहे असं वाटेना. पतंगाचा कागद भिजल्यावर दिसतो तसं काहीतरी होतं, आणि त्याच्या आतलं लाल दिसत होतं. नळी धरून ठेवायला गालावर चिकटपट्टी लावलेली. ती बदलताना पट्टीबरोबर गालाचं कातडं निघून आलं. तिने तोंड उघडलं, चेहरा पिळवटला, पण घशात नळी असल्यामुळे आवाज आला नाही.

पुढचे दिवस असेच. टाचेत सुई. हातावर शीर मिळाली नाही तर डोक्यावर. श्वास घ्यायला विसरली की तळव्यावर टिचक्या मारून तिला आठवण करून द्यायची. या सगळ्याला उपचार म्हणतात आणि ते उपचारच होते. पण डोळ्यांना ते मारणं दिसतं, हे कोणी आधी सांगत नाही. मी सांगतो आहे. तुमच्या मुठी आवळल्या जातील. माझ्या तेव्हापासूनच आवळलेल्या होत्या, मला पत्ता नव्हता.

विभागाच्या मुख्य सिस्टर मालवणकडच्या. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. पहिल्या दिवशी हात धुताना त्यांनी माझं मनगट पकडलं. सासूबाईंनी वरळीच्या बुद्धविहारातल्या भन्तेजींकडून आणलेला पांढरा धागा त्यावर बांधला होता.

"ह्यो नाय चालाचो. कोपरापासून खाली काय एक नको. घड्याळ नको, अंगठी नको, धागो नको."

"सासूबाईंनी दिलाय, सिस्टर."

"कापा. देव काय रागवाचो नाय."

"आमच्यात देव नाही."

"मगे तर प्रश्नच मिटलो," त्या म्हणाल्या आणि कात्री पुढे केली.

त्या इस्पितळात मला हसू आलं ते तेव्हा पहिल्यांदा. मी धागा कापला, खिशात ठेवला.

त्याच सिस्टर एकदा कापूस लावलेली काडी बेबीच्या काखेत, जांघेत, नाकाशी फिरवताना दिसल्या. कशासाठी, म्हणून विचारलं. "अंगावर कोण कोण वस्तीक इल्यात, ता बघतत," त्या म्हणाल्या. "सगळ्या बेबींचा करतत. तुमी नका काळजी करू." मी काळजी केली नाही. माझं लक्ष वजनाच्या तक्त्यावर होतं. जन्माला आली तेव्हा नऊशे ऐंशी होती, मग रोज उतरत गेली. आठशे सत्तरवर थांबली, आठव्या दिवशी आठशे नव्वद झाली. तक्त्याच्या डोक्यावर 'ग्रोथ' असं छापलेलं होतं. रोज सकाळी मी विचारायचो, "सिस्टर, ग्रोथ?" आणि त्या आकडा सांगायच्या. आमच्या दोघांत त्या शब्दाचा दुसरा अर्थ नव्हता.

*

मंगळवारी सकाळी मी बेसिनपाशी कोपरापर्यंत साबण लावून उभा होतो. घशातली नळी आदल्या दिवशी निघाली होती. आज नऊशे दहा ग्रॅम, हे कळलेलं होतं. आत फोन वाजला.

"हां, बोला लॅब. सहा नंबर, बेबी ऑफ सुजाता. ग्रोथ आली? बरं. बरं. सांगतंय डॉक्टरांका."

मी साबण धुतला आणि आत न जाता जिना चढून वर सुजाताच्या वॉर्डात गेलो. तिचे टाके पिकले होते, ताप उतरत नव्हता, म्हणून तिला खाली बेबीकडे जायची परवानगी नव्हती. नऊ दिवसांत तिने मुलीला मोबाइलवरच पाहिलं होतं.

"सुजाता, ग्रोथ आली. लॅबमधून फोन आला."

"लॅबमधून? वजनाचा?"

"हाडांची वगैरे असेल. मोजतात ते सगळं."

ती हसली. "जा, पेढे आण. पहिला त्या मालवणी बाईंना दे. रोज ओरडतात बिचाऱ्या."

नाक्यावरून पेढे आणले. वॉचमनला दिला, आयाबाईंना दिला, बाकावरच्या दोन्ही बापांना दिला. एकाने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "ग्रोथ आली." त्याला काही कळलं नसावं, पण त्याने माझ्याशी हात मिळवला.

मग मी काचेतून आत पाहिलं. सहा नंबरची जागा रिकामी होती. बेबीची काचेची पेटी कोपऱ्यात, भिंतीकडे सरकवली होती. तिला पिवळा पुठ्ठा टांगला होता. त्यावर मराठीत छापलं होतं, 'स्पर्श करू नये'. पेटीपाशी वेगळा गाऊन, वेगळा स्टेथोस्कोप, वेगळी बादली.

सिस्टर दाराशी आल्या. मी खोका पुढे केला.

"पेढे कसले, बाबानू?"

"ग्रोथ आली ना."

त्यांनी घेतलेला पेढा परत खोक्यात ठेवला. "अहो, ती जंतूंची ग्रोथ. त्या काडीची. अंगावर जंतू गावले तिच्या. म्हणान तिका वेगळा ठेवलाहा."

मागे बाकावर कोणीतरी फसकन हसलं. माझ्याशी हात मिळवणाराच असेल. त्याला मी दोष देत नाही. मीही हसलो असतो.

'वेगळं ठेवणं' याबद्दल सांगायला हवं. माझे आजोबा गावच्या शाळेत दाराबाहेर बसून शिकले. त्यांचं पाणी वरून ओतलं जायचं. आमच्या घरात ताटवाट्यांपासून अंथरुणापर्यंत कशालाही 'याचं वेगळं ठेव' असं कोणी म्हणत नाही. आई तसं म्हणूच देत नाही. सिस्टरांच्या मनात यातलं काहीही नव्हतं. पुठ्ठा छापणाऱ्याच्याही नव्हतं. जंतूंच्या बाबतीत तो अगदी योग्य पुठ्ठा होता. पण मी तो वाचला तो माझ्या डोळ्यांनी, आणि माझी नऊशे दहा ग्रॅमची मुलगी त्याच्या मागे होती.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आला. तिशीच्या आतला, नांदेडकडचा, चष्मा लावणारा. हसत आला. ते हसणं मला आता कळतं, तेव्हा कळलं नाही.

"बाबा, घाबरू नका. त्वचेवर जंतू सगळ्यांच्याच असतात. हे इन्फेक्शन नाहीये. रक्त तपासायला पाठवलंय. आता ऐका, तुमच्या अंगावरचे जंतू..."

तिथे मी त्याला मारलं.

हातात खोका होता, तो आधी तोंडावर बसला. मग मूठ. नाकाचं हाड माझ्या बोटांखाली सरकलं, ते मला कळलं. चष्मा पडला, त्यावर माझाच पाय पडला. तो दाराला टेकला, हात वर केले, "अहो बाबा, अहो," एवढंच म्हणत राहिला. मी कॉलर धरून त्याचं डोकं दोनदा दारावर आपटलं. पुन्हा मूठ उगारली, तेव्हा तो खाली घसरला आणि माझा हात काचेतून आरपार गेला. तळहात मनगटापासून बोटांपर्यंत उघडला. रक्त पेढ्यांवर, त्याच्या पांढऱ्या कोटावर, जमिनीवर. आत यंत्रं वाजायला लागली. दोन सिस्टर बाळं सोडून दाराकडे धावल्या. हे मी नंतर खूपदा आठवलं. माझ्यामुळे दोन सिस्टरना बाळं सोडून यावं लागलं.

वॉचमनने मला जमिनीवर पाडलं आणि छातीवर गुडघा ठेवला. मी ओरडत होतो, "आमच्या अंगावरचे? आमच्या अंगावरचे?"

*

त्याच इस्पितळात एका डॉक्टरणीने माझ्या तळहाताला अकरा टाके घातले. पोलीस दाराशी उभे होते.

चौकीत सुजाताचा भाऊ राहुल आला. वरळीला राहतो, बँकेत आहे. माझी थट्टा करायचा त्याचा जुना हक्क.

"मानलं भावजी. मला वाटायचं, तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घच मारता."

"राहुल, नको."

"नको काय? बरं केलंत. एक ठेवून द्यायलाच हवी होती. वेगळं ठेवतात म्हणजे काय!"

त्या क्षणी मला बरं वाटलं. लाज वाटते, पण ते लिहून ठेवतो. आयुष्यात कोणी माझ्या हाताचं कौतुक केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भोईवाड्याच्या कोर्टात जामीन झाला. अट अशी की विभागाच्या दाराआत पाऊल टाकायचं नाही. कोर्टातून सरळ इस्पितळात गेलो. दाराच्या एका भागाला प्लायवूड ठोकलं होतं. दुसऱ्या अर्ध्याची काच शाबूत होती, तिच्यापाशी उभा राहिलो. बऱ्याच वेळाने डॉक्टर आला. दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं, नाकात कापसाचे बोळे. वॉचमन आमच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"मी तक्रार मागे घेणार नाही," तो म्हणाला. नाकातून बोलत होता.

"घेऊ नका."

"पण बेबीबद्दल तुम्हाला सांगायचं काम माझंच आहे. ती आज स्थिर आहे. नळीशिवाय श्वास घेतेय."

मी विचारलं, "काल तुम्ही काय सांगत होतात? ते वाक्य."

त्याने नाकातला बोळा सारखा केला. "तुमच्या अंगावरचे जंतू तिला हवेत. असं वाक्य होतं. तिच्या अंगावर इस्पितळातले जंतू आलेत. त्यांनी घट्ट बस्तान बसवायच्या आत घरचे साधे जंतू यायला हवेत. आई-बापाच्या छातीवर बाळ उघडं ठेवलं की ते येतात. कांगारू म्हणतात त्याला. आईला ताप आहे, म्हणून बाबांना बसवायचं ठरवलं होतं. साडेअकराला. खुर्ची काढून ठेवली होती."

"आता?"

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. पट्टी रक्ताने आणि पिवळ्या पाण्याने ओली झाली होती. "अशी जखम घेऊन नाही. कोर्टाने सोडलं असतं, तरी नाही."

मी वर सुजाताकडे गेलो. राहुलने तिला अर्धं सांगितलं होतं. उरलेलं अर्धं मी सांगितलं.

"तुला एकच काम होतं, मिलिंद," ती म्हणाली. "सगळी कापाकापी मी करून घेतली. तुला फक्त छाती द्यायची होती."

मी म्हणालो, "पेढे आण तूच म्हणालीस."

तिने उशाजवळचा स्टीलचा ग्लास उचलून मला मारला. कपाळाला लागला. मी तो उचलून परत जागेवर ठेवला. तिने परत मारला. शेजारच्या खाटेवरच्या बाई उठून बसल्या. तिसऱ्यांदा ग्लास मीच तिच्या हातात दिला. तेव्हा ती तो धरून रडायला लागली. ताप होता, टाके होते, पोट धरून रडत होती.

*

पुढचे दिवस मी काचेपाशी काढले. आयाबाई माझ्या पायाखालून फरशी पुसायच्या आणि म्हणायच्या, "बाबा, सरका, मारू नका म्हणजे झालं." हळूहळू त्यांना पुन्हा माझ्याशी थट्टा करावीशी वाटली, याचं मला बरं वाटायचं.

शुक्रवारी सिस्टर काचेपाशी आल्या आणि आतूनच ओरडल्या, "रक्तात नो ग्रोथ! बाबानू, ऐकलास? नो ग्रोथ! आता आणा पेढे!"

मी खालीच बसलो. एवढे दिवस जो शब्द रोज मागत होतो, तो नाही म्हणून मी रडत होतो.

सुजाताचा तापही उतरला. शनिवारी तिला खुर्चीत बसवलं, गाऊनची बटणं काढली, बेबीला तिच्या छातीवर ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं. मला काचेतून फक्त निळ्या टोपीचा शेंडा दिसत होता. सुजाताने माझ्याकडे पाहिलं नाही. दोन तास तिने मान हलवली नाही. रविवारी पुन्हा दोन तास. सोमवारी तीन. मॉनिटरच्या पडद्यावरचे आकडे त्या वेळी शांत असायचे, हे मी बाहेरून पाहिलं. डॉक्टर एकदा जाता जाता थांबून म्हणाला, "चांगलं चाललंय." त्याने ते मला सांगायची गरज नव्हती.

मी दिवस मोजत होतो. टाके निघायला आणखी चार दिवस. मग कोर्टात अर्ज करायचा, असं वकिलाशी ठरलं होतं.

*

मंगळवारी सकाळी तिचा रंग राखेसारखा झाला. पोट फुगलं. नळी परत घशात. हे सगळं तासाभरात. साडेदहाला पडद्यावरची रेघ मंदावली आणि डॉक्टरने तिची छाती दोन्ही हातांत धरली. बोटं पाठीमागे, अंगठे पुढे. अंगठ्यांनी तो दाबायला लागला. तिचं सगळं अंग प्रत्येक दाबाबरोबर उडत होतं. मोडेल असं वाटत होतं. ज्याचं नाक मी फोडलं, तो घामाने भिजून माझ्या मुलीची छाती दाबत होता आणि मोठ्याने मोजत होता. मी काचेवर डोकं आपटत होतो. वॉचमनने मला धरलं, पण या वेळी पाडलं नाही.

सिस्टरनी दार उघडलं. "कोर्टाक मी काय ता सांगतंय. आत ये."

मी सात-आठ पावलं चाललो असेन. मी पोचायच्या आधी त्याने अंगठे काढून घेतले. घड्याळाकडे पाहून त्याने वेळ सांगितली, सिस्टरनी लिहिली. सुजाता तिथे आधीपासून उभी होती. तिने माझी बाही धरली, हात नाही.

रक्ताचा नवा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. ग्रोथ होती. अंगावर मिळाले होते त्याच जातीचे जंतू. मी डॉक्टरला विचारलं, "आधीच्या मंगळवारी मी तिला छातीशी घेतलं असतं तर?"

"वाचली असती, असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "नसती वाचली, असंही म्हणू शकत नाही. मला माहीत नाही, बाबा."

त्यानंतर मला बाबा म्हणणारं कोणी नव्हतं.

*

बाकावर बसलेल्या बापांना माझं सांगणं थोडंसंच आहे. ग्रोथ हा शब्द ऐकलात तर विचारा, कोणाची. अंगावर जंतू सापडले म्हणजे तुमचं घर घाण, असं नसतं. ते बहुतेक इस्पितळातच येतात, हातांवरून, नळ्यांवरून, आणि कच्च्या कातडीला त्यांना अडवता येत नाही. तुमच्या बाळाला वेगळं ठेवलं तर कारण विचारा, दहादा विचारा. राग येईल. तो रास्तही असेल. पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्या. आणि हात जपा. ते लागणार आहेत.

भोईवाड्याच्या कोर्टात तारखा पडतात, मी जातो. डॉक्टरची साक्ष झाली. त्याने घडलं तेवढंच सांगितलं, एक शब्द वाढवून नाही. माझ्या वकिलाने 'बापाच्या भावना' असं काहीतरी सुरू केलं, तेव्हा मी त्याला थांबवलं. गुन्हा मी कबूल करणार आहे.

सुजाताने शाळा परत सुरू केली आहे. काही महिने आम्ही एका घरात राहून बोलत नव्हतो. आता बोलतो. एखाद्या रविवारी चहा पिताना ती आपणहून सांगायला लागते. छातीवर ठेवल्यावर मुलगी आधी कशी थंड लागायची आणि मग कशी ऊब धरायची. एकदा तिने मूठ उघडून सुजाताच्या गळ्याखाली बोटं कशी टेकवली. नखं होती, ती टोचली. सुजाता सांगते तेवढं मी ऐकतो, मध्ये बोलत नाही.

मी मुलीला एकदाच घेतलं, इस्पितळापासून पुरायच्या जागेपर्यंत. ती जिवंत असताना कशी लागायची, हे मला सुजाताकडून कळतं.